माणूस वर असताना रोज चार ओळी तरी द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२५ जून २०२५ ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला ॲक्सियम-४ ह्या खासगी अंतराळ मोहिमेतून गेले तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर मोठा फोटो दिलात, खूप बरं वाटलं, राकेश शर्मांनंतर तब्बल ४१ वर्षांनी आपला माणूस वर गेला होता आणि इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर तर पहिलाच भारतीय. पण पुढे १८ दिवस ते तिथे होते आणि मी रोज पेपर उलटापालटा करून शोधायचो, क्वचित कुठेतरी दोन ओळी. मग १५ जुलैला सॅन दिएगोजवळ समुद्रात उतरले तेव्हा परत मोठा फोटो. मधले दिवस कुठे गेले?

दिवसच तसे होते, मान्य आहे. १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं, लगेच इराण-इस्रायल पेटलं, आपल्याकडे शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या जीआरवरून रान उठलं, तो रद्द झाला, ५ जुलैला ठाकरे बंधूंचा वरळीचा मेळावा. ह्या बातम्या कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही, माझी मुलगी शाळेत आहे, मलाही ते सगळं वाचायचंच होतं.

पण अंतराळाच्या बातम्यांत लोकांना इंटरेस्ट नसतो असं कुणी म्हटलं तर ते काही मला पटत नाही. आम्ही दहिवडीचे, इकडे पावसाळ्यातही आभाळ बऱ्यापैकी मोकळं असतं. जुलैत एका संध्याकाळी स्टेशन दिसायची वेळ मोबाईलवर बघून मुलीला गच्चीवर नेलं. पश्चिमेकडून एक ठिपका निघाला, लुकलुकत नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही, नुसता एकसारखा सरकतोय. शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या, त्यांना म्हटलं ह्यात आपला माणूस आहे, तर कपडे तसेच हातात धरून ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न, "जेवत काय असतील ओ तिथं?" आमरस आणि गाजर हलवा नेलाय म्हटल्यावर इतक्या खूश झाल्या! त्यानंतर रोज विचारायच्या, आज काय केलं त्यांनी? धारवाडच्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगासाठी तिथे मूग आणि मेथी उगवतायत हे सांगितलं तर मुलीनेही वाटीत मेथी भिजत घातली. हे सगळं मला इंग्रजी साईटवर शोधून सांगावं लागत होतं, मराठी पेपरात मिळायला हवं होतं ना?

आणि खरी मोठी बातमी तर उड्डाणाच्या आधीच निसटली. ११ जूनचं उड्डाण पुढे गेलं कारण रॉकेटमध्ये लिक्विड ऑक्सिजनची गळती होती, आणि इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांची टीम तिथे ठाम राहिली की आधी दुरुस्ती, मग टेस्ट, मगच उड्डाण. चार माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. दुसऱ्याच दिवशी अहमदाबादचा अपघात झाला आणि हे मागे पडलं, त्यात कुणाचा दोष नाही, पण नंतर तरी कुणीतरी सविस्तर लिहायला हवं होतं.

आता गगनयानसाठी, म्हणजे आपल्याच यानातून माणसं अंतराळात पाठवायच्या मोहिमेसाठी, शुक्लांबरोबर प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप तयारी करतायत. तेव्हाही जगात काही ना काही चालूच असणार. म्हणून माझी मनापासून विनंती आहे, माणसं वर असतील तेवढे दिवस एक छोटी चौकट ठेवा, आज त्यांनी काय केलं एवढंच. आणि सूर्योदय-सूर्यास्त रोज देताच, त्याच्याखाली स्टेशन आपल्या आकाशात कधी, कुठल्या दिशेला दिसेल तेही द्या.

कळावे,
आपला एक वाचक, दहिवडी, जि. सातारा