पुस्तक दुसऱ्याकडे दे

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "आई, आमच्या टेबलावर मी वाचक आहे. माझे उच्चार स्पष्ट आहेत म्हणे." म्हणजे मेडिकलच्या डिसेक्शनच्या टेबलावर बॉडी उघडायची मुलांनी, आणि तू शेजारी उभं राहून पुस्तकातून पुढची पायरी वाचून दाखवायची. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर ते हसू टिकलं नाही. तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ओरडल्यासारखं झालं असतं. म्हणून लिहितेय.

त्यातच आपल्या मुलींच्या शाळेचं पत्र आलंय. स्मरणिका काढतायत आणि त्यात डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थिनींसाठी वेगळा विभाग आहे. प्रत्येकीने २०० शब्दांत "शाळेने मला काय दिलं" ते लिहून पाठवायचं. चार दिवस झाले, लिहितेय आणि खोडतेय. "आत्मविश्वास दिला" असं लिहिलं की माझं मलाच खोटं वाटतं. "संस्कार दिले" लिहिलं तर ते पन्नास जणींनी लिहिलेलं असणार. तिसरं काही सुचायच्या आत तुझं ते वाचकाचं वाक्य मध्ये येतं. तेव्हा आधी तुझ्याशी बोलून घेते, स्मरणिका बसू दे थांबून.

शाळेच्या सभागृहातला डॉक्टर झालेल्या मुलींच्या नावांचा तो फळा तुला पाठच असेल. मलाही होता. प्रार्थनेला डोळे मिटायचे सोडून मी सोनेरी अक्षरं वाचायचे. नाव, पदवी, साल. पाचवीत असताना मला वाटायचं, या सगळ्या शाळेच्या मोठ्या दारातून बाहेर पडल्या आणि समोरच्या इमारतीत जाऊन डॉक्टर झाल्या. इतकं सरळ. फळ्यावर तेवढंच मावतं, त्याचा काही दोष नाही.

कादंबिनी गांगुलींचंच बघ. कोलकात्याची बेथून शाळा १८४९ साली मुलींसाठी निघाली. कादंबिनी तिथल्या. १८८३ साली त्या आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या, १८८६ मध्ये कादंबिनी डॉक्टर झाल्या. फळ्यावर एका ओळीत बसेल एवढं. पण १८९१ मध्ये एका साप्ताहिकाने त्यांच्या चारित्र्यावर नको ते छापलं, ते का, तर बाई घराबाहेर पडून रोगी तपासते. नवराबायको कोर्टात गेले आणि संपादकाला सहा महिने कैद झाली. पुढे त्या एडिंबरा गाठून आणखी परीक्षा देऊन आल्या. १९२३ मध्ये गेल्या, तेव्हा त्याच दिवशी एक शस्त्रक्रिया उरकून घरी आल्या होत्या. मला त्यांच्या पदव्यांपेक्षा ही शेवटची गोष्ट जास्त आवडते. बासष्टीतली बाई, आणि मरणाच्या दिवशीसुद्धा हातात शस्त्र.

आता खरं सांगते. मुलींच्या शाळेमुळेच या बायका डॉक्टर झाल्या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलीला शाळेत घालायची हिंमत असलेलं घर आधी लागतं. २०१४ साली २१ देशांतल्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले गेले. मुलंमुली वेगळी शिकली काय आणि एकत्र शिकली काय, घरची परिस्थिती आणि आधीची हुशारी हिशोबात धरली की फरक जवळपास उरतच नाही, असं त्यातून निघालं. स्मरणिकेत हे लिहिलं तर छापणार नाहीत. आणि मुलींच्या शाळेत सगळ्या सुखात असतात असंही नाही. सिसिली सॉन्डर्स रोडीन या इंग्लंडमधल्या मुलींच्या शाळेत होत्या, तिथे त्यांचं मन कधी रमलं नाही. पुढे नर्स झाल्या, पाठीने दगा दिला म्हणून रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. एका सर्जनने सांगितलं, मरणाऱ्या माणसाला डॉक्टरच टाकून जातात, तेव्हा तू जाऊन डॉक्टरकी शीक. चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, उभं केलं. त्यात शाळेचा वाटा किती, कोण सांगणार?

तरी आपल्या शाळेने मला एक गोष्ट नक्की दिली. ती आठवायला मला तुझा फोन यावा लागला.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिसवी कपाट होतं, त्याचं दार अडकायचं. ते उघडायचं तर एकीने खालून लाथ मारायची आणि दुसरीने वरून ओढायचं. वायर सुटली तर आम्हीच जोडायची. बाक हलवायचे आम्हीच. मुलगे नव्हतेच ना, मग "जरा हे उचलून देतोस का" म्हणायचं कुणाला? बेडूक चिरायच्या दिवशी मेणाच्या ट्रेमध्ये तो उताणा टाचलेला होता आणि आम्ही चौघी मागे सरकून उभ्या. बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "बघत काय राहिलात? हात घाला." माझ्या हातात कात्री होती. कातडी चिमट्याने उचलली, तिच्याखाली कात्रीचं टोक आडवं सरकवलं, आणि त्या वेळी जे कळलं ते कुठल्याही आकृतीत नव्हतं. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक पोकळ जागा असते. टोक तिथून आपोआप सरकतं. चुकून खाली दाबलं तर लगेच अडतं. मी त्या दिवशी घरी येऊन हात तीनदा धुतले आणि जेवले नाही. पण तो चिमटा दुसरीकडे दिला नाही.

शूर वगैरे मी नव्हते. माझ्याऐवजी करायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

आणि मग मेडिकलला गेले. पहिला आठवडा, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतायत, टेबलाभोवती आठ जण. एका मुलाने न विचारता स्काल्पेल, म्हणजे चिरायची सुरी, घेतलं. दुसऱ्याने फोर्सेप्स, म्हणजे चिमटा. तिसऱ्याने माझ्या हातात पुस्तक दिलं, "तू वाच, तुझं वाचन छान आहे." हो गं, अगदी हेच वाक्य. मला तर बरंच वाटलं. कौतुक झालं, हातही घाण झाले नाहीत. वर्षभर मी वाचलं. ज्या पोरीला कपाटाला लाथ मारायची सवय होती, तिची ती सवय एका टर्ममध्ये गेली. मुलांनी माझं काही हिसकावून नेलं नव्हतं. मीच सोडून दिलं.

वर्षाच्या शेवटी मला सगळी नावं येत होती. काखेतल्या नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, मी झोपेत काढून दाखवलं असतं. पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी फोर्सेप्सने एक दोरी उचलली आणि म्हणाले, डोळे मीट, बोटात धर आणि सांग. नस की धमनी की शीर? मला सांगता आलं नाही. माझ्या शेजारच्या मुलाला नावं अर्धी येत होती, पण त्याने एका क्षणात सांगितलं. नस म्हणजे नर्व्ह, ती भरीव असते, दोरीसारखी, बोटात दबत नाही. धमनी दाबली तर चपटी होते आणि सोडली की पुन्हा भिंत जाणवते. शीर पातळ, ओल्या कागदासारखी. तीन वाक्यं आहेत, वाचायला दहा सेकंद पुरतात. बोटाला कळायला मला तीन वर्षं लागली.

नंतर काय झालं ते तुला अर्धं माहीत आहे. मला सर्जरी करायची होती. एका वरिष्ठांनी सांगितलं, बायकांना जमत नाही, संसार की सर्जरी ते ठरव. त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं राग धरला आणि तो खोटा नव्हता. पण एकटं असताना स्वतःला विचारते, तेव्हा मी वाद का घातला नाही? कारण माझ्याच हातावर माझा भरवसा नव्हता. त्यांनी दार लावलं, पण आतून कडी माझीही होती. मी भूलतज्ज्ञ झाले. त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट हे काम मला शोभलं. हात मला तिथेच परत मिळाला. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, देताना सुई पुढे जाते, सिरिंजच्या दट्ट्यावर अंगठा असतो, दट्ट्या दाबला तर दबत नाही. लिगामेंट घट्ट असतं. अर्धा मिलिमीटर, अजून अर्धा, आणि अचानक अंगठ्याखालचा विरोध नाहीसा होतो. तिथेच थांबायचं. पुढे गेलीस तर घोटाळा. ही गोष्ट मी माझ्या ज्युनिअरना शंभरदा सांगते आणि दरवेळी सांगून झाल्यावर म्हणते, आता हात इकडे आण. कारण सांगून कळत नाही.

स्मरणिकेसाठी वाचता वाचता हेलन टॉसिग परत भेटल्या. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या मुलींच्या शाळेतून त्या १९१७ मध्ये बाहेर पडल्या. वाचताना अक्षरं उलटीसुलटी व्हायची, म्हणजे डिस्लेक्सिया. आपल्या टेबलावर त्यांना कुणी वाचक केलं नसतं! हार्वर्डने सांगितलं, शीक पण पदवी मिळणार नाही. वर्गात मुलांपासून लांब बसायचं, स्लाइड्स वेगळ्या खोलीत बघायच्या. त्या जॉन्स हॉपकिन्सहून १९२७ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे कान जाऊ लागले. लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर, आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येईना. मग त्यांनी बाळाच्या छातीवर बोटं टेकवली आणि बोटांनी ऐकायला शिकल्या. निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुप्फुसाला रक्त कमी पोचतंय, तर तिथे दुसऱ्या धमनीची जोड द्यावी, ही कल्पना त्यांची. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिली शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी केली. ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर व्हिव्हियन थॉमस उभे होते. त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती आणि ते कृष्णवर्णीय असल्यामुळे पगारपत्रकावर त्यांचं स्थानही भलतंच होतं. पण कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवली होती थॉमस यांनीच, त्यामुळे टाका कुठे घ्यायचा ते मागून सांगत होते. त्या खोलीत कुणाच्या हाताला काय येत होतं ते बघ, आणि मग फळ्याकडे बघ.

अजून एक सांगते, ही ऐकून तू खरंच हसशील. १८ नोव्हेंबर १८७०, एडिंबरा. सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या मैत्रिणी शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तर बायका डॉक्टरकी शिकायला नकोत म्हणून शेकडोंचा जमाव. चिखल फेकला, तोंडावर फाटक लावलं. कशाबशा आत गेल्या, पेपर सुरू झाला, तर कुणी तरी हॉलमध्ये एक मेंढी ढकलली. प्राध्यापक म्हणाले, राहू द्या तिला, तिला पाठवणाऱ्यांपेक्षा तिला जास्त अक्कल आहे. शरीरशास्त्राच्या पेपरला बसण्यासाठी त्या पोरींनी चिखल खाल्ला. आणि आपल्याकडे गोड बोलून पुस्तक हातात दिलं की आपण खूश.

तेव्हा उद्या काय करायचं ते ऐक. भांडू नकोस. ती मुलं वाईट नाहीत, त्यांतले निम्मे जण घाबरलेले असतात आणि स्काल्पेल हातात असलं की घाबरणं लपतं. टेबलाशी पाच मिनिटं आधी जा. आधी जाणाऱ्याच्या हातात शस्त्र येतं, इतका साधा हिशोब आहे. कुणी पुस्तक दिलंच तर म्हण, "आज तू वाच, मी करते. उद्या उलट." दिवस वाटून घ्या. आणि टेबलावर आणखी कुणी पोर मागे उभी राहत असेल तर तिच्या हातात फोर्सेप्स दे. मिडियन नर्व्ह या हातातल्या नसेची दोन मुळं धमनीसमोर येऊन मिळतात ती जागा साफ करायची वेळ आली की ते काम तू माग. एम अक्षरासारखी दिसते. चरबी टोकाने खरवडू नकोस, फोर्सेप्स मिटलेली आत घाल आणि उघड, म्हणजे नस तुटत नाही. एक तुटली तरी हरकत नाही. बॉडी ज्यांनी दिली त्यांनी तू शिकावंस म्हणूनच दिली.

काल माळ्यावरून माझा डिसेक्शन बॉक्स काढला. कात्रीला गंज चढलाय, ती फेकून दिली. फोर्सेप्सची टोकं मात्र उजेडात धरून बघितली, अजून केसासारखी जुळतात. वापरलीच कुठे होती! स्काल्पेलचं हँडल चार नंबरचं आहे, त्याला बावीस नंबरची पाती लागतील, तिथेच घे. बॉक्स उद्या कुरिअर करते. ग्लव्ह्जचा तुझा नंबर साडेसहाच ना? सैल घालू नकोस, बोटाला काही कळत नाही.

तुझी,
आई