काकू आहेत तोवर

लातूर

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी स्टँडवर होतो, गलक्यात धड बोलता आलं नाही. आणि बाळूदादाचं पुढं काय करायचं हा काही फोनवर उरकायचा विषय नाही, म्हणून लिहायला बसलोय. काकू पंचाहत्तरीला आल्या, दादा पन्नाशीचा झाला. त्याची आंघोळ, दाढी, फिट आली की धरून बसणं, सगळं अजून त्या एकट्याच ओढतायत. तू पुण्यात, दोन खोल्यांचं घर, वहिनींची नोकरी. तुझ्या जिवाची घालमेल मी ओळखून आहे.

औसा रोडच्या आत दिव्यांगांचं घर आहे, मी तिथं हिशेबाचं काम बघतो, हे तुला ठाऊक आहेच. मागं तुला त्याबद्दल सांगितलं तेव्हा "गावात म्हणतील, भावाला आश्रमात टाकलं" एवढंच बोलून तू गप्प झालास. मी तेव्हा रेटलं नाही. आज रेटणार आहे.

हे घर पालकांनी उभं केलं. विशेष शाळेच्या फाटकापाशी रोज भेटणारे आईबाप होते ते. मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानं अठरा वर्षांपर्यंत आहे. पोरं अठराची झाली, शाळा सुटली आणि सगळी घरात येऊन बसली. त्यांच्यातल्या एकानं प्लॉट दिला, बाकीच्यांनी वर्गणी काढली, ट्रस्ट नोंदवला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ना आपल्याकडं, त्या उन्हाळ्यातसुद्धा टँकरच्या पाण्यावर ह्यांनी घर चालू ठेवलं. मोठी इमारत वगैरे काही नाही. चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर, व्हीलचेअर वळेल एवढी मोरी, भिंतीला धरायला दांड्या.

सकाळी येऊन बघ एकदा. एक मुलगी आहे. मुलगी म्हणतो, पण तिशी ओलांडलीय तिनं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, बोटं वळत नाहीत. कुडत्याची चार बटणं लावायला तिला वीस-वीस मिनिटं लागतात. सांभाळणारी ताई शेजारी बसून असते, पण हात लावत नाही. शेवटचं बटण लागलं की ती मान वर करून आधी ताईकडं आणि मग आपल्याकडं बघते. त्यानंतरच चहा. तिथल्या ताया कामाच्या किती पक्क्या आहेत हे मला त्या बटणांवरून कळलं. घाईघाईत दहाजणांचे कपडे घालून मोकळं होणं फार सोपं होतं.

गोळ्यांचंही तसंच. प्रत्येकाच्या डब्यावर त्याचा फोटो चिकटवलाय. फिटची गोळी चुकली तर काय होतं ते तुला सांगायला नको. दिली की वहीत सही, आणि रात्रपाळीची ताई झोपायच्या आधी ती वही परत बघते.

दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे दोन-तीन आईबाप पोरं इथं ठेवून जातात. एका बाईची लेक चालू शकत नाही. पूर्वी ती तिला बरोबर घेऊन जायची, दिवसभर फडाजवळच्या कोपीत एकटी टाकून कोयता चालवायची. आगाऊ पैशांची उचल घेतलेली, करणार काय? आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, लेक इथं असते आणि उन्हाळ्यात घरी जाते.

अडचणीही सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला जेवण देणारे रांगेनं येतात, पण रात्रपाळीच्या ताईचा पगार देणारा माणूस मिळत नाही. ओली अंथरुणं कोण धुतं हे कोणी विचारत नाही. चांगली शिकवलेली बाई वर्षभरात दुसरीकडं जाते, मग सगळं पहिल्यापासून. हिशेब लिहिताना माझा जीव तिथंच अडकतो.

आता मुद्द्याचं. दादाला आणायचं असेल तर काकू आहेत तोवर आण. गेल्या साली एकाला त्याचे चुलते आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन आले. चाळिशीचा माणूस. आई गेली हे त्याला उमजलं नव्हतं आणि घरही सुटलं. कित्येक महिने तो फाटकाशी बसून राहायचा, जेवायला उठवलं तरी उठायचा नाही. दुसऱ्या एकाच्या आईनं त्याला आधी चार दिवस ठेवलं, मग आठ, मग पंधरा. आता तो इथंच राहतो आणि ती बाजाराच्या दिवशी धपाटे घेऊन येते. तो तिच्याबरोबर खातो, तिला रिक्षापर्यंत सोडतो आणि आपला आपण आत येतो. दादालाही तसंच सवयीनं रुळू दे. काकूंनाही डोळ्यांनी बघू दे, की आपल्यामागं त्याला कोण जेवायला वाढणार आहे.

कागदपत्रांचं आत्तापासून बघ. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं आहे का ते आधी सांग. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं जातो. अठरा पूर्ण झाल्यावर आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. सातबाऱ्यावर दादाचं नाव आहे, वाटणी अजून व्हायचीय आणि तुझ्या चुलतभावांची नजर त्या तुकड्यावर आहे, म्हणून हे जास्तच निकडीचं. पालक नेमला की सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेबही द्यावा लागतो. म्हणजे उद्या तुझ्याकडंही कोणी बोट दाखवणार नाही. त्याच न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, आधी तपासणी लागत नाही. फिटची औषधं चालू असली तरी अडत नाही. अर्ज मी भरून देतो, तू फक्त कागद गोळा कर.

आणि गावाचं म्हणशील, तर काकूंना रात्री उठून दादाला सावरताना गावातलं कोणी मदतीला येत नाही. त्यांच्या बोलण्याला तू एवढं वजन देऊ नकोस.

पुढच्या महिन्यात ये. रविवार नको, रविवारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि दादा बावरेल. पहिल्या खेपेला त्याच्या कपड्यांची पिशवी अजिबात आणायची नाही, नुसतं जेवायला यायचं. तो पारावर बसून एसटीची वाट बघतो ना, तर त्याला सांग आपण लातूरच्या गाडीत बसायचंय, हसत येईल. काकूंचं मात्र बसमध्ये चढणं होणार नाही. त्यांना आणायला मी गाडी सांगून स्वतः जातो. तारीख तेवढी कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त