‘आमच्याकडे सगळी बाळं सारखीच’ या उत्तरावर थांबू नका!

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवजात अतिदक्षता विभागातल्या कुणालाही विचारा, ‘इथे भेदभाव होतो का?’ उत्तर ठरलेलं आहे: ‘छे, आमच्याकडे सगळी बाळं सारखीच.’ सांगणारी सिस्टर खोटं बोलत नसते. पण तिलाच ड्युटी संपताना विचारा, ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये होतो का?’ मग एकेक किस्सा निघायला लागतो. मी याच विभागात परिचारिका आहे आणि हा पत्रप्रपंच या दोन उत्तरांमधल्या तफावतीसाठी आहे.

औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो, आईबापांकडे बघून नाही. पण बाकीच्या कितीतरी गोष्टी आईबापांकडे बघूनच ठरतात. कधी आमचं हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना बाळांची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, ऐका. ‘सात नंबर, फीड वाढवलंय, वजन स्थिर, आई येत नाही.’ वजन सांगावं त्याच सुरात तेही सांगून होतं. तिची रजा संपली असेल, घरी दुसरं तान्हं असेल, टाके दुखत असतील, यातलं काही पुढच्या शिफ्टला कळत नाही. दोन-तीन हँडओव्हरनंतर ‘येत नाही’चं ‘तिला पडलेलीच नाही’ होतं. मग ती येते तेव्हा बाळ तिच्या छातीशी द्यायला नेमकी खुर्ची रिकामी नसते. जे पालक न घाबरता, आमच्याच भाषेत प्रश्न विचारतात त्यांच्यासाठी मात्र तेवढ्याच गर्दीत खुर्ची सापडते. (फारच प्रश्न विचारले तर तेही ‘कटकटे’ ठरतात, तो आमचा वेगळा न्याय.)

खुर्चीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण अकाली किंवा कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, सुरू करा आणि दिवसाला आठ ते चोवीस तास द्या, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली आहे. म्हणजे ती खुर्ची उपचाराचाच भाग आहे.

काही भेद तर कुणाच्या मनातही नसतात. बाळाच्या पावलाला गुंडाळलेला ऑक्सिमीटर गडद त्वचेतून ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० साली मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात हे ठळकपणे समोर आलं, पुढे अकाली जन्मलेल्या बाळांतही तसंच आढळलं. कावीळ पाहायला आम्ही बोटाने त्वचा दाबतो, तोही अंदाज सावळ्या बाळात सहज चुकतो. इथे कितीही निःपक्षपाती सिस्टर असली तरी फसणारच.

म्हणूनच सर्वांना अर्धा दिवस बसवून ‘संवेदनशीलता प्रशिक्षण’ देण्याचा बेत असेल, तर कृपया त्यावरच समाधान मानू नका. प्रमाणपत्र फाइलला लागतं आणि प्रत्येकीला वाटतं, हे शेजारणीने ऐकायला हवं होतं. कॅलिफोर्नियात १३४ नवजात अतिदक्षता विभागांमधल्या, जन्मतः अत्यंत कमी वजनाच्या अठरा हजारांहून अधिक बाळांना मिळालेली सेवा वंशानुसार तपासली गेली. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक होताच, पण सगळीकडे सारखा नव्हता. काही विभागांत गोरी बाळं पुढे होती, काही ठिकाणी नेमकं उलट चित्र होतं. विभाग बदलला की फरक बदलतो, म्हणजे तो कामाच्या पद्धतीतही असतो आणि पद्धत बदलता येते. पण आधी आपल्या विभागात काय चाललंय ते दिसायला हवं.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक विभागाने नोंद ठेवावी: पहिलं कांगारू केअर जन्मानंतर किती तासांनी झालं, घरी जाताना बाळ आईच्या दुधावर होतं का, आईला कळेल अशा भाषेत समजावणारं कुणी होतं का. हे आकडे पालकांची भाषा, उत्पन्न आणि घराचं अंतर यांनुसार वेगळे काढावेत. काविळीसाठी डोळ्यांवर न विसंबता बिलिरुबिन (ज्याने त्वचा पिवळी पडते ते रक्तातलं द्रव्य) मोजण्याची सोय प्रत्येक पाळीत असावी. आणि माणसं वाढवा. एकाच सिस्टरकडे जास्त बाळं सोपवली की मन आपोआप सोप्या आईबापांकडे वळतं, हे मी रोज बघते.

शेवटचं एकच. पहिल्या वर्षी ज्या विभागाचे आकडे वाईट येतील, त्यांच्यावर नोटीस काढू नका. काढलीत तर दुसऱ्या वर्षी सगळीकडून सुंदर आकडे येतील, आणि ते कसे भरले जातात हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आपली,
नवजात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका