फायनल साडेनऊला संपत नाही: तुमच्या प्लेऑफ पासबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: इंडियन सुपर लीगची फायनल चालू असताना बंद केलेला पास, आणि त्यानंतर तुमच्या प्रतिनिधीनं मला शिकवलेला फुटबॉल.

महोदय,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच झाला. ‘सर, आपली तक्रार समाधानपूर्वक बंद करण्यात आली आहे,’ असं सांगितलं गेलं. समाधान नेमकं कोणाचं झालं, हे विचारायच्या आत फोन कट. म्हणून आता लेखी.

पास काय होता ते तुम्हाला समजावून सांगत बसत नाही, तो तुमचाच आहे. टीव्हीवर लीगच्या बाद फेरीतल्या मॅच दाखवणारा, 149 रुपये. ‘बाद फेरीपासून चषकापर्यंत, प्रत्येक क्षण.’ हे शब्द तुमच्या जाहिरातीतले, माझे नव्हेत. चषकापर्यंत! आणि 12 एप्रिल 2025 च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान आणि बंगळुरू 1-1 असे अडकलेले, नव्वद मिनिटं संपलेली, एक्स्ट्रा टाइम लागलेला, तेव्हा ठीक साडेनऊला तुमच्या बॉक्सनं पडद्यावर निळी पाटी चढवली: ‘आपल्या पासची मुदत संपली आहे. नवीन पाससाठी ओके दाबा.’

ओके दाबलं. त्यावर दुसरी पाटी: ‘या स्पर्धेसाठी सध्या पास उपलब्ध नाही.’ बरोबरच आहे म्हणा. हंगामातली शेवटची मॅच. पुढचा पास विकणार कशाचा? म्हणजे चालू मॅच बंद करायची, आणि मुकाट्यानं दुसऱ्यांदा पैसे मोजायला तयार झालेल्या गिऱ्हाइकाचे पैसेही घ्यायचे नाहीत. हा धंदा कोणत्या कॉलेजात शिकवतात ते कळवलंत तर बरं होईल. लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडवाचे खांब उपटून न्यावेत, तसला हा प्रकार.

मी अमळनेरला माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. त्या दिवशी शनिवार, वर हनुमान जयंती. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री घरात बसवत नाही, म्हणून टीव्ही अंगणात काढला होता. शाळेच्या संघातली पोरं आली होती, त्यांच्यामागे त्यांचे बापही आले. घरच्यांनी शेवभाजी केली होती, कळण्याच्या भाकरी होत्या. त्या रात्री लाईटसुद्धा गेली नाही, हे विशेष. पाटी आली तेव्हा मागून एक पोरगं ओरडलं, ‘सर, काय व्हयनं? लाईट गई का?’ लाईट गेली असती तर मी वायरमनला फोन केला असता, आणि तो आलाही असता.

मोबाइलवर तुमचंच अ‍ॅप उघडलं. तिथंही तीच निळी पाटी. गल्लीतल्या तुमच्या एजंटला उठवलं. तो म्हणाला, ‘भाऊ, वरून बंद आहे, माझ्या हातात काही नाही.’ तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन: ‘मामा, पाहिलं का? मॅकलारेन!’ नाही पाहिलं. 96व्या मिनिटाला जेमी मॅकलारेननं जो गोल केला, ज्यानं बागान 2-1 जिंकलं, तो गोल अमळनेरच्या एका अंगणात फोनवरून ऐकला गेला. गोलकीपर व्हायचं म्हणून वर्षभर माझ्या मागे लागलेला पोरगा मला विचारत होता, ‘सर, कोणत्या बाजूनं गेला?’ मी काय सांगणार? मी तुमची निळी पाटी बघत होतो.

आता मुद्द्याचं. साडेनऊ ही वेळ तुमच्याकडे ठरवली कोणी? मॅच साडेसातची. दोन पंचेचाळीस, मधली पंधरा मिनिटं, वर दुखापतींची भरपाई, की झाले साडेनऊ. म्हणजे हिशेब करणाऱ्यानं साधी लीगची मॅच डोळ्यांपुढे ठेवली आणि तोच कागद बाद फेरीला चिकटवला. लीगमध्ये बरोबरी झाली तर दोघं एकेक गुण घेऊन घरी जातात. फायनलमध्ये कोणी घरी जात नाही, अर्धा तास आणखी खेळतात, तरी सुटलं नाही तर पेनल्टी. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 2022 ची फायनल आठवा: हैदराबाद आणि केरला ब्लास्टर्स 1-1, शेवटी पेनल्टी, हैदराबाद 3-1. 2023 ची आठवा: हेच दोन संघ, बागान आणि बंगळुरू, गोव्यात 2-2, पुन्हा पेनल्टी, बागान 4-3. मधली 2024 ची तेवढी मुंबईनं नव्वद मिनिटांत 3-1 अशी संपवली. आणि आता ही. शेवटच्या चारपैकी तीन फायनल नव्वद मिनिटांच्या पुढे गेल्या. जो खेळ तुम्ही विकता, त्याचं एवढंही तुमच्याकडे कोणी बघत नसेल तर पुढचं बोलणंच खुंटलं.

खरं तर तुमची लाज आठवडाभर आधीच जायची, दोन खेळाडूंनी वाचवली. बंगळुरू लीगमध्ये तिसरं आलेलं, त्यामुळे त्यांना आधी एक बाद सामना खेळावा लागला, तिथं त्यांनी आमच्या मुंबईला 5-0 असं धुतलं (त्यावर मला जास्त बोलायचं नाही). मग गोव्याशी उपांत्य फेरी, दोन लेगची, म्हणजे एकेक मॅच दोघांच्या घरी आणि गोलांची बेरीज. बंगळुरूत 2-0. परतीच्या मॅचला, घरच्या फातोर्डा मैदानावर, गोव्यानं बोर्हा हेरेराचा एक आणि 88व्या मिनिटाला सादिकूचा दुसरा असे दोन्ही फेडले, एकूण 2-2. एक्स्ट्रा टाइम समोर दिसत होता. आणि मग भरपाईच्या वेळेत, 92व्या मिनिटाला, सुनील छेत्रीचा हेडर. वय वर्षं चाळीस. माझ्या अंगणातली पोरं खुर्च्यांवर चढली होती. दुसऱ्या रात्री बागान. पहिल्या क्रमांकाचा संघ म्हणून ते थेट उपांत्य फेरीत, पण जमशेदपूरनं आपल्या घरी त्यांना 2-1 पाडलेलं, तेही हावी हर्नांडेझच्या 91व्या मिनिटाच्या गोलनं. परतीच्या लेगला कमिन्सची पेनल्टी, एकूण 2-2, पुन्हा तोच एक्स्ट्रा टाइम दारात उभा. 94व्या मिनिटाला अपुइयानं लांबून मारला आणि विषय संपला.

कळतंय का? त्या दोन्ही रात्री मॅच जेमतेम दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं तुमच्या साडेनऊच्या पाटीखाली यायची वाचली. छेत्री आणि अपुइया नसते तर तुमच्याकडे तेव्हाच बोंब झाली असती आणि फायनलच्या आधी कोणीतरी ती मुदत पुढे ढकलली असती. तुमच्यावर त्यांचे उपकार आहेत. आमच्यावर तुमचे.

आता तक्रारीसाठी मी आधी केला होता तो फोन. यानंतरचं लिहिताना मी जिभेवर ताबा ठेवायचं ठरवलं आहे.

होल्डवरच्या संगीतानंतर एक तरुण प्रतिनिधी आले. त्यांचा आवाज गोड होता, शंका नाही. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘सर, सिस्टीममध्ये मॅच पूर्ण झाल्याचं दाखवतंय. नव्वद मिनिटं आपल्याला पूर्ण दिसली आहेत.’

म्हटलं, निकाल काय दाखवतंय?

‘एक-एक सर.’

मग जिंकलं कोण?

टकटक टकटक. ‘सर, मॅच ड्रॉ झाली आहे. दोन्ही टीमला एक-एक पॉइंट.’

साहेब, मी बावीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवतोय. रडीचा डाव खेळणारे पालक पाहिलेत, ऑफसाइडवरून कॉलर धरणारे पाहिलेत. पण फायनलमध्ये दोघांना एकेक पॉइंट वाटणारा माणूस पहिल्यांदा भेटला. मी अगदी शांतपणे विचारलं, की बागाननं लीगमध्ये 56 गुण मिळवले होते, पन्नाशी ओलांडणारा पहिलाच संघ तो, तर आता त्यांचे 57 झाले का?

‘चेक करून सांगतो सर, कृपया लाइनवर राहा.’

आणि खरोखरच मला होल्डवर टाकलं. पुन्हा ते संगीत. परत आले तेव्हा म्हणाले, ‘सर, ते अपडेट व्हायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतील.’

इथपर्यंत मी हसून सोडलं असतं. पोरगं नवीन असेल, समोर जे दिसतं ते वाचत असेल. पण पुढे त्यांनी जे केलं त्याला क्षमा नाही. त्यांनी मला पर्याय सुचवला. ‘सर, त्याच वेळेला हैदराबादची क्रिकेट मॅच लाइव्ह चालू होती, ती आपल्या बेसिक पॅकमध्येच होती. आपण ती एन्जॉय करू शकला असता.’ मी गप्प. त्यांना वाटलं मला पटतंय. मग हळूच, समजुतीच्या सुरात: ‘तसं पण सर, आपला पत्ता जळगाव जिल्हा दाखवतोय. तिकडे फुटबॉल एवढं कोणी बघत नाही ना, म्हणून तक्रार पण आपली एकट्याचीच आहे.’

अभिषेक शर्मानं त्या रात्री 141 काढले, हैदराबादनं 246 चं लक्ष्य गाठलं, आनंद आहे. मी क्रिकेटचा शत्रू नाही. पण मी शेवभाजीचे पैसे दिले तर तुम्ही मला ‘सर, शेजारच्या टेबलवर चांगली इडली होती’ असं सांगणार का? आणि जळगाव जिल्ह्यात कोण काय बघतं याचा दाखला तुम्हाला दिला कोणी? शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीला या एकदा. चोपड्याची पोरं, भुसावळची पोरं, पाचोऱ्याची पोरं, उन्हात तापलेल्या मुरमाड मैदानावर पळणारी. त्यांच्यातल्या निम्म्यांना बूट नाहीत. बागानच्या बचावातल्या चौघांची नावं मात्र क्रमानं सांगतील. तक्रार एकट्याची आहे कारण बाकीच्यांनी तुमचा नंबर फिरवून नाद सोडला. तुमच्या होल्डवरच्या संगीताचा हेतू तोच असणार.

पुन्हा सांगतो, कारण तुमच्याकडे प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं: मॅच संपलेली नव्हती. पास संपवला होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सिस्टीमला त्या एकच वाटतात, हीच माझी तक्रार.

तुम्ही दिलेल्या ‘भरपाई’बद्दलही. अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचे क्षणचित्र टाकलंत आणि मेसेज पाठवलात, ‘आता आपण निकाल पाहू शकता.’ त्यात बागानच्या अल्बेर्तोचा 49व्या मिनिटाचा स्वयंगोल आहे, बंगळुरूच्या चिंगलेनसानाचा हात लागून मिळालेली 72व्या मिनिटाची पेनल्टी आहे, आणि शेवटी लीगची ढाल आणि हा चषक दोन्ही पटकावणारं बागान नाचतंय. स्टेडियमवर साठेक हजार माणसं उभी आहेत. हे सगळं मला माहीत होतं, भाच्यानं सांगितलं होतं. मला तो अर्धा तास हवा होता, ज्यात पुढे काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. तो तुम्ही आता देऊ शकत नाही, म्हणून मी मागतही नाही.

मागतो ते एवढंच. पासचे 149 रुपये परत, वॉलेटमध्ये नव्हे, बँकेत. ‘मॅच संपण्यापूर्वी पास बंद झाला’ असं एक वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. आणि ज्या कोणी साडेनऊ हा आकडा टाकला, त्याच्याकडून तो काढून घ्या. बाद फेरीची मुदत शेवटच्या शिट्टीला बांधा, घड्याळाला नको.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, नंतर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथंच दाद मागू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. माझा खर्च म्हणजे अमळनेर-जळगाव पॅसेंजरचं तिकीट. तुमच्या वकिलाला मात्र मुंबईहून यावं लागेल, तेही मे महिन्यात, आमच्या उन्हात. जाहिरातीचा फोटो, पाटीचा फोटो आणि तुमचा ‘समाधानपूर्वक’चा मेसेज जपून ठेवला आहे.

वाईट याचं वाटतं, की आमच्या गल्लीत तुमचा बॉक्स आणणारा पहिला मी. स्टाफरूममध्ये निम्म्या शिक्षकांना मीच सांगून तो घ्यायला लावला. आता मधल्या सुट्टीत रोज कोणीतरी विचारतं, ‘काय सर, आले का बागानचे सत्तावन्न?’

उत्तर लेखी पाठवा. फोन नको, तुमचा फोन उचलला की आधी जाहिरात लागते.

सही
क्रीडाशिक्षक, अमळनेर, जि. जळगाव

ता. क. पुढच्या हंगामाचा पास काढाल तेव्हा एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी त्यात धरल्या आहेत की त्यांचे वेगळे पैसे, तेवढं ठळक छापा. वेगळे असतील तर तेही देतो, फक्त घ्या.