रस्त्यावरच्या मृत्यूंचीही विमान अपघातासारखी चौकशी व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमान कोसळले की आपल्या पहिल्या पानावर चार-पाच दिवस दुसरे काही नसते. ब्लॅक बॉक्स सापडला का, इंजिनात काय झाले, वैमानिक शेवटी काय बोलले, सगळे सविस्तर येते आणि ते यायलाच हवे. पण त्याच आठवड्यात माझ्या ओळखीतले कोणी ना कोणी विमानाचे तिकीट रद्द करते आणि तेवढाच लांबचा पल्ला मोटारीने गाठायला निघते. तेही रात्री, दिवस वाया जाऊ नये म्हणून. त्यांना अडवताना मी जे सांगते ते आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे. शिवाय आपल्याकडे एक मागणीही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसे दगावली. दिवसाला तीन हजारांहून जास्त. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच आहे. विमान वाहतुकीसाठी २०२४ हे वाईट वर्ष होते. दक्षिण कोरियातल्या मुआन विमानतळावर एकाच अपघातात १७९ जण गेले. तरीही जगभरातल्या प्रवासी विमानांतले त्या सबंध वर्षाचे बळी रस्त्यावरच्या एका दिवसाच्या बळींपेक्षा कितीतरी कमी होते.

विमानाने जाणारेच थोडे, मग मरणारेही थोडेच असणार, असे यावर कोणी म्हणेल. म्हणून प्रमाण पाहू. अमेरिकेतल्या २००० ते २००९ च्या नोंदी तपासून इयान सॅव्हेज या अर्थशास्त्रज्ञाने दर अब्ज प्रवासी-मैलांमागचे (एका प्रवाशाने एक मैल जाणे म्हणजे एक प्रवासी-मैल) मृत्यू काढले: मोटारीसाठी सुमारे ७.३, विमानासाठी ०.०७. म्हणजे शंभरपट फरक. अंतराचे हे माप विमानाला थोडे झुकते माप देते, हे मी मान्य करते. विमानाला खरा धोका उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी असतो. मधले हजारो मैल त्या मानाने निर्धोक जातात. पण अंतर बाजूला ठेवून नुसते प्रवास मोजले तरी चित्र दिलासा देणारेच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या हिशेबानुसार २०१८ ते २०२२ या काळात जगात प्रवासी विमानात चढणाऱ्या दर १ कोटी ३७ लाखांमागे एक मृत्यू झाला. १९६८ ते १९७७ या काळात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होते.

भीतीपोटी रस्ता धरल्याने काय होते, तेही नोंदले गेले आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असंख्य अमेरिकनांनी विमान टाळून मोटारी काढल्या. पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यावर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले, असा गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. त्या जादा बळींची स्वतंत्र बातमी झाली नाही, कारण ते एकेक-दोनदोन करून गेले.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांच्यामागचे कारण. आकाश काही मुळातच सुरक्षित नाही. छोट्या खासगी विमानांसाठीही आकाश तेच असते, पण त्यांच्यातला धोका प्रवासी विमानांच्या कित्येक पट असतो. फरक पडतो तो व्यवस्थेने, आणि ती व्यवस्था एकेका अपघातातून उभी राहिली आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कप्तान अत्यंत अनुभवी, इतरांना शिकवणारा. त्याने परवानगी मिळण्याआधीच उड्डाणासाठी वेग घेतला. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनियरने बोलूनही दाखवली होती. कप्तानाने ती उडवून लावली आणि पुढे कोणी बोलले नाही. कप्तान चुकला, एवढे लिहून फाइल बंद करता आली असती. तसे झाले नाही. नियंत्रण कक्षाशी बोलण्याची प्रमाण भाषा कडक केली गेली. कनिष्ठाने वरिष्ठाला निःसंकोच टोकावे आणि वरिष्ठाने ते ऐकावे, हे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा भाग झाले. माणूस चुकणारच, पण त्याची एकट्याची चूक विमान पाडण्याइतकी मोठी होऊ द्यायची नाही, असा हा विचार आहे.

१९८३ मध्ये एअर कॅनडाच्या एका विमानात आग लागली. विमान सुखरूप उतरले, तरी धुरात २३ जण गुदमरून आणि भाजून गेले. आज विमानाच्या शौचालयात धूर ओळखणारे यंत्र आणि जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे असतात, त्यामागे त्या २३ जणांचे मरण आहे. आणि २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा त्या प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. तटरक्षक दलाचे पाच जण मात्र गेले.

या क्षेत्रातही कसूर होते. बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स जातीच्या विमानांच्या दोन अपघातांत ३४६ बळी गेले, आणि पहिल्या अपघातानंतरच ती विमाने थांबवायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. पण दुसऱ्यानंतर जगभर त्या जातीचे प्रत्येक विमान जमिनीवर आणले गेले आणि अमेरिकेत त्याला पुन्हा परवानगी मिळायला वीस महिने लागले.

विमान अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष कोणाच्या माथी मारणे हा नव्हे, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेले आहे. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचे परिशिष्ट १३ ते हेच. रस्त्यावरच्या मृत्यूला असा आधार कुठे आहे? चालकाचे नियंत्रण सुटले, इतके म्हटले की बातमी संपते आणि चौकशीही. ते वळण, तो उतार, तो अंधारा चौक तसाच राहतो आणि काही महिन्यांनी तिथेच दुसरा कोणी मरतो. मला याची चीड येते, कारण काय करायला हवे ते माहीत नाही अशातला भाग नाही. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला आणि इतर कंपन्यांनाही वापरू दिला. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणूस चुकला तरी मरता कामा नये अशा बेताने रस्ते बांधायचे, हे धोरण स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच स्वीकारले.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी. रस्ते अपघाताची बातमी देताना मृतांच्या संख्येवर थांबू नका. वेगमर्यादा किती होती, वाहन किती वेगात होते, चालक किती तास सलग चाकावर होता, पट्टा किंवा हेल्मेट होते का, दुभाजक आणि दिवे होते का, मदत किती वेळात पोहोचली, हे आपल्या बातमीदारांना विचारायला सांगा. त्याच जागी आधी किती जण गेले, तेही छापा. आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा तिथे पाठवून, काय दुरुस्त झाले आणि काय नाही, ते त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या उत्तरासह प्रसिद्ध करा.

आपली,
एक नियमित वाचक