हाताने बांधलेल्या गाडीला परीक्षेला बसू द्या: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतून हे पत्र लिहीत आहे. इथल्या फाउंड्र्यांत ओतलेले आणि मशीनशॉपमध्ये तयार झालेले सुटे भाग मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसतात. पण त्याच हातांनी एक अख्खी गाडी स्वतःसाठी बांधली, तर तिच्या पासिंगसाठी कायद्यात वाट नाही. मी सूट मागत नाही. आमची गाडी तपासा, हवी तेवढी कडक तपासा, एवढंच मागणं आहे.

गाडी कसली ते सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या मॉर्गन कंपनीने तीनचाकी मोटार काढली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि नाकावर उघडं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडरचं, इंजिन. 1952 पर्यंत ती बनत होती. त्या घाटाच्या गाड्यांचे सुटे संच तिकडे आजही मिळतात आणि हौशी माणसं ते घरी जोडतात. आम्ही तोच घाट धरला, चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र इथेच वेल्ड केली.

जुना आराखडा जसाच्या तसा उतरवला असता, तर त्या गाडीत मी माझ्या मुलांना बसवलं नसतं. सुरुवातीच्या मॉर्गनमध्ये पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे असे. सायलेन्सरची तापलेली नळी बाहेरून, हात पोचेल अशी. आम्ही टाकी सीटमागे चॅसीच्या नळ्यांच्या आत घेतली. सायलेन्सरला जाळी केली. स्टेअरिंगचा दांडा धडकेत छातीवर येऊ नये म्हणून त्याला दोन सांधे देऊन तो तिरपा वळवला. सीटमागे पोलादी कमान उभी केली आणि तीन ठिकाणी अडकणारे पट्टे तिला आणि चॅसीला बांधले. बाहेरच्या सगळ्या कडा गोल केल्या. त्यासाठी पितळी दिव्यांची टोकदार वर्तुळं काढावी लागली. गाडीचं रूप थोडं गेलं, पण पायी चालणाऱ्याची मांडी कापणारी शोभा नकोच.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते बॅलन्सने. रिक्षाचं एकटं चाक पुढे असतं. वळणावर ब्रेक दाबला की भार त्या चाकाकडे धावतो आणि रिक्षा कलंडते. दोन चाकं पुढे असली की ब्रेकचा भार रुंद बाजूला येतो, म्हणून हा घाट मुळात बरा. पण तेवढ्याने भागत नाही. पुढच्या चाकांमधलं अंतर 1300 मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची 450 मिमी धरा. वजनाचा 70 टक्के भाग पुढच्या चाकांवर असेल, तर वळणावर बाजूला ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक पट होईपर्यंत आतलं चाक उचलत नाही. साधे टायर बहुधा त्याआधीच घसरू लागतात. तेच प्रमाण 40 टक्क्यांवर आलं, तर हा आकडा 0.58 होतो आणि टायर घसरायच्या आत गाडी उलटते. म्हणून इंजिन पुढेच ठेवलं, बॅटरी आणि हत्यारांची पेटीही पुढे नेली. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरलेल्या कुणालाही हे गणित किती मोलाचं आहे ते समजेल.

आता अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 126 प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेतून मंजूर व्हावी लागते. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्येक गाडीवर वाटता येतो. एकच गाडी बांधणाऱ्याने तो कुणावर वाटायचा? 2021 चे व्हिंटेज वाहनांचे नियम 50 वर्षांहून जुन्या दोनचाकी आणि चारचाकी गाड्यांना आहेत. आमची गाडी नवी आहे, तिला जुनी म्हणवून आत घुसवायची नाही. तसं करणारे आहेत. भंगारातल्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं, तिचा चॅसी नंबर नव्या नळ्यांवर ठोकायचा आणि बिनधास्त फिरायचं. अशा गाडीचा अपघात झाला, तर जखमी माणसाला विम्याचे पैसे मिळवतानाही झगडावं लागतं. सरळ दार बंद असलं की लोक कुंपणावरून जातात, आणि तिथे ब्रेक तपासायला कुणी उभं नसतं.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून जीप केली होती. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली, कारण ती जीप नियमांत बसत नव्हती. त्यांचं मन मोठं, यात शंका नाही. पण प्रत्येक कारागिराला महिंद्रा भेटत नाहीत.

ब्रिटनने 1998 पासून एकेक गाडी तपासून मान्यता द्यायला सुरुवात केली. हातबांधणीची गाडी केंद्रावर न्यायची, निरीक्षक ब्रेक, दिवे, पट्टे, कडा, धूर सगळं बघतो, नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणायची. आपल्याच मंत्रालयाने 2018 मध्ये क्वाड्रिसायकलला, म्हणजे छोट्या हलक्या चारचाकीला, खाजगी वापराचं दार उघडलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110 खाली एखाद्या वर्गासाठी वेगळी तरतूद करण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. तो वापरून हातबांधणीच्या गाड्यांसाठी एकल तपासणीचा नियम करा. एका माणसाला वर्षाला एकच गाडी, विक्रीवर काही वर्षं बंदी, इंजिन धुराच्या बीएस-6 निकषाच्या मान्यतेचं, वेगाला मर्यादा, आणि कलंडण्याची चाचणी सक्तीची. यातली एकही अट आम्हाला जाचक वाटणार नाही.

राज्याच्या आदेशाने हे काम होणार नाही. आम्हा सीमाभागातल्या माणसांची सोयरीक, दवाखाने, कच्चा माल सगळं दोन्हीकडे आहे. कोगनोळी नाका ओलांडला की महाराष्ट्र लागतो, चोर्ला घाटाच्या पलीकडे गोवा. बेळगावात चालणारी आणि कोल्हापुरात जप्त होणारी गाडी काय कामाची? म्हणून केंद्राचाच नियम हवा.

मसुदा निघाला की हरकती मागवण्याच्या मुदतीत आमची चॅसीची रेखाचित्रं आणि वजनाची मोजमापं आम्ही पाठवू. पहिल्या तपासणीसाठी गाडी ट्रकवर घालून पुण्याला आमच्या खर्चाने आणू. आपल्या अधिकाऱ्यांनी फक्त तारीख द्यावी.

आपला नम्र,
उद्यमबागेतला एक फॅब्रिकेटर, बेळगाव