भिंतीवरच्या फोटोतला तो हात आणि काकांचे आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

जुने फोटो स्कॅन करायचे असं मी कितीतरी वर्षं नुसतं बोलत होते. शेवटी कपाट उघडलं ते आईमुळे, तिला हल्ली नावं पटकन आठवत नाहीत आणि फोटोतल्या निम्म्या माणसांना ओळखणारं घरात तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मग काय, अल्बमच्या प्लॅस्टिकवरूनच मोबाईलने धडाधड फोटो काढत सुटले, प्रत्येकात ट्यूबलाइटची चमक, आणि भिंतीवरचा मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता तो सुरीने सोडवायला बसले. तेवढ्यात तुम्ही आलात. "आधी सुरी खाली ठेव." फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला धरतो, ओढलं की चेहरा राहतो काचेवर आणि कागद येतो हातात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पोटात गोळाच आला. काचेसकट स्कॅन करता येईल, पण त्याआधी निगेटिव्ह शोध म्हणालात.

निगेटिव्हची ती पाकिटं आम्ही दोनदा फेकायला काढली होती काका.

तो फोटो ८ बाय १० इंचाचा, ब्लॅक अँड व्हाइट, आईच्या मांडीवर मी, शेजारी बाबा, आणि आईच्या खांद्यावर कडेने आलेला एक हात. फक्त हात. लहानपणापासून विचारायचो हा कुणाचा, प्रत्येकजण वेगळं सांगायचा. तुम्ही त्याच्या निगेटिव्हची पट्टी कडेला धरून उजेडासमोर नेलीत आणि बराच वेळ बोललाच नाहीत. मग समजावलंत, ३५ एमएम फिल्मवरची एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, ती पूर्ण मोठी केली तर ८ बाय १२ होते, ८ बाय १० च्या कागदावर बसवायची म्हणजे लांबीतले २ इंच जाणारच. आमच्या त्या २ इंचांत आत्या उभी होती.

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तिचा त्या वयातला एकही फोटो आमच्याकडे नव्हता. स्क्रीनवर बघितल्या बघितल्या आई म्हणाली, "अगं बाई, वन्सं!" जिला सकाळचं दुपारी आठवत नाही ती तासभर सांगत होती, मी कशी रडत होते, वन्संनी मला कसं शांत केलं, फोटोत यायला नको म्हणत होत्या मग कडेला उभ्या राहिल्या, हात मात्र काढला नाही. आणि तुम्ही काही न बोलता मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवलात, मध्ये मध्ये फक्त "मग पुढे?" एवढंच विचारत राहिलात. मला सुचलंच नसतं ते. स्कॅनिंग मी कुठूनही करून आणलं असतं, पण आईचा तो तासभराचा आवाज कुठून आणला असता?

त्यानंतरचे दोन दिवस तुम्ही त्या एका निगेटिव्हवर घालवलेत. स्कॅनरचं धूळ काढायचं सेटिंग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालतं आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी तो उजेडच अडवते, त्यामुळे इथे उपयोग नाही म्हणून एकेक ठिपका हाताने काढलात. मी हट्ट धरला होता की एआयने आत्याचा चेहरा शार्प करू, थोडासा ब्लर आहे ना. तुम्ही म्हणालात, मशीन अंदाजाने नाक डोळे काढेल, ते सुंदर असतील पण तुझ्या आत्याचे नसतील. तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं बरं झालं ऐकलं.

बाकीचं पण तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय. चिकट पानांचे अल्बम दातांच्या फ्लॉसच्या दोऱ्याने हळूहळू सोडवतेय, जो सुटत नाही तो पानासकट स्कॅन, प्रिंट ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूसुद्धा. स्कॅनच्या मूळ टिफ फाइलला हात लावत नाही, दुरुस्ती सगळी कॉपीवर. फाइलच्या नावात आधी अंदाजे साल टाकतेय, नाहीतर माझ्या बारशाचे फोटो कॉम्प्युटर यावर्षीचे दाखवतो. एक हार्ड डिस्क भावाकडे पाठवली. लालसर पडलेले रंगीत फोटो अजून तसेच आहेत, ते तुमच्यासमोरच करीन.

नवीन प्रिंट ८ बाय १२ ची केलीय, अख्खी फ्रेम. आईच्या पलंगासमोर लावलीय, उन्हापासून लांब. जुना फोटो काचेसकट जपून ठेवलाय.

आणि हो, बाबांच्या कपाटात वरच्या फळीवर निगेटिव्हचा अजून एक डबा सापडलाय, उघडलेला नाही. रविवारी येताय ना? आई सकाळपासून तीनदा विचारून गेली.

तुमची,
शेजारची मुलगी